स्वयंपाकघरातला गॅस मोटारीच्या पोटात

दिवाळी चार दिवसांवर आली की घरोघरी एक प्रश्न हमखास कानी पडतो, "गॅस पुरेल ना हो?" अनारशाला जाळी पडेल की नाही, चकली खुसखुशीत होईल की मऊ पडेल, ह्या चिंता नंतरच्या. आधी चिंता गॅसची. ऐन चकलीच्या घाण्याला ज्योत मंदावते, शेगडी एक उसासा टाकते आणि गृहिणी कढई तशीच ठेवून दुसऱ्या बाटल्याकडे धावते. दुसरा बाटला भरलेला असला तर दिवाळी आहे, नसला तर घरच्या कर्त्या पुरुषाची शोभा!

ह्याच गॅसने मोटार चालते, असे कुणी सांगितले तर आजीबाईंना नवल वाटेल; पण बहुतेक वाचकांना ही गोष्ट ऐकून ठाऊक आहे. ठाऊक असते ती मात्र अर्धीच. कुणी म्हणतो, "गॅसची गाडी म्हणजे फिरता बॉम्ब." कुणी म्हणतो, "पेट्रोलवाले वेडे, गॅसवाले शहाणे." आणि गल्लीतला एखादा सर्वज्ञ डोळा मिचकावून सांगतो, "घरचाच बाटला जोडायचा, साहेब. निम्म्या पैशांत काम!" ह्या तिघांत खरे किती आणि खोटे किती, ते दिवाळीच्या निवांतपणात एकदा नीट पाहू. चिवड्याची ताटली जवळ असू द्यावी. थोडे आकडे येणार आहेत.

मोटारीनेच लावलेला शोध

आपली समजूत अशी की हा गॅस मुळात स्वयंपाकघरातला आणि मोटारीने तो पळवला. इतिहास नेमका उलटा आहे. सन १९१० च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्ग येथे वॉल्टर स्नेलिंग नावाचे एक सरकारी रसायनज्ञ होते. मोटारीच्या टाकीत भरलेले पेट्रोल पाहता पाहता उडून जाते, अशी एका मोटारवाल्याची तक्रार त्यांच्यापुढे आली. पैसे मोजावे पातेलेभर पेट्रोलचे आणि हाती राहावे वाटीभर, हे कोण सोसणार? स्नेलिंगसाहेबांनी उडून जाणारा तो भाग पकडला, थंड केला, दाबला आणि तपासला. त्यात त्यांना प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू सापडले. त्यांच्या ह्या कामाचे पेटंट १९१३ साली निघाले. तेव्हा मोटारीच्या टाकीतून पळालेला हा पाहुणा पुढे चुलीशी येऊन बसला, असे म्हणावयाचे.

आपल्या देशात तो चुलीशी आला १९५० च्या दशकाच्या मध्यास, बर्मा-शेल कंपनीच्या मार्फत, आणि प्रथम आला तो मुंबईत. रॉकेलचा स्टोव्ह भरभरत असताना, पिन मारून मारून बोटे काळी होत असताना, निळ्या ज्योतीची ही मुकी शेगडी म्हणजे मोठी अपूर्वाई होती. पुढे १९६५ साली इंडियन ऑइलचा 'इंडेन' आला आणि हळूहळू गॅसचा नंबर लावणे हा मध्यमवर्गीय संसाराचा एक संस्कारच होऊन बसला.

मोटार पेट्रोलखेरीज दुसऱ्या कशावर चालवणे हेही आपल्याला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा आपल्याकडच्या कित्येक बसगाड्यांच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवलेली असे. तीत कोळसा जाळून निघालेल्या वायूवर इंजिन चाले. चढ आला की बसचा जीव घाबराघुबरा होई. पण गाडी चालत असे. अडचण आली की माणूस मार्ग काढतो, आणि मोटारही त्याच्याबरोबर शिकते.

बाटल्यातले गुपित

आता ह्या गॅसची खुबी काय आहे ती पाहू. नेहमीच्या हवेत प्रोपेन शून्याखाली ४२ अंश सेल्सियसला उकळतो आणि ब्युटेन साधारण शून्य अंशाच्या आसपास. म्हणजे आपल्या हवेत दोघेही वायूच. पण त्यांना जरासा दाब दिला की ते मुकाट्याने द्रवरूप होतात. सिगारेट पेटवण्याचा पारदर्शक लायटर पाहिला असेल, त्यात जे पाण्यासारखे हेलकावते ते ब्युटेनच. द्रव झाला की हा गॅस आपल्या मूळ आकाराच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्यात मावतो. एवढा मोठा संसार एवढ्याशा खोलीत बसवण्याची ही कला गिरगावातल्या चाळीतल्या माणसाला समजावून सांगायला नको.

त्यासाठी लागणारा दाबही अवाजवी नाही. आपल्या हवामानात बाटल्यातला दाब हवेच्या दाबाच्या साधारण पाच ते आठ पट असतो. रिक्षा आणि टॅक्सी ज्या सीएनजीवर चालतात तो वायू वेगळा. तो मिथेन. तो असा सहजासहजी द्रव होत नाही, म्हणून त्याला सुमारे दोनशे पट दाबून जाड आणि जड नळकांड्यात कोंडावे लागते. पुष्कळजण ह्या दोहोंची गल्लत करतात. नळाने घरात येतो आणि सीएनजीच्या पंपावर मिळतो तो मिथेन. बाटल्यात येतो तो एलपीजी. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, गळला तर जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खड्ड्यात, गटारात, तळघरात जाऊन बसतो. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

गॅसला जो उग्र वास येतो तोही त्याचा स्वतःचा नव्हे. मूळचा हा गॅस बिनवासाचा. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खोकल्यासारखा हा वास आहे. आवडत नाही, पण तो असतो म्हणून पुष्कळ अनर्थ टळतात.

इंजिनात तो जळतो कसा?

पेट्रोलच्या मोटारीला गॅसवर चालवण्यासाठी इंजिन बदलावे लागत नाही. पेट्रोलची टाकी तशीच राहते, शेजारी गॅसची एक टाकी येते. ती लांबट तरी असते, नाहीतर स्टेपनीच्या जागी बसणारी, मेदूवड्यासारखी गोल आणि मधे भोक असलेली. टाकीतून द्रवरूप गॅस नळीने पुढे इंजिनापाशी येतो. तेथे त्याची वाफ करणारे एक यंत्र असते. पातळ पदार्थाची वाफ व्हायची तर त्याला उष्णता लागते. इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा कसे गार वाटते? ते स्पिरिट उडताना आपल्या अंगाची उष्णता घेऊन जाते म्हणून. गॅसही तसाच उष्णता ओढतो. ती त्याला पुरवावी म्हणून इंजिन थंड ठेवणारे गरम पाणी त्या यंत्राभोवती फिरवलेले असते. सकाळी इंजिन गार असते, पाणीही गार. म्हणून गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी तापले की गॅसवर जाते. गॅस संपला तर पुन्हा पेट्रोल आहेच. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. ही मोटार मात्र दोन्ही घरी जेवते.

गॅस पूर्णपणे वायुरूपात इंजिनात जातो, त्यामुळे तो हवेत चांगला मिसळतो आणि स्वच्छ जळतो. कढईच्या बुडाला जशी गॅसवर काजळी धरत नाही, तशी इंजिनातही फारशी धरत नाही. ठोका न घेता दाब सोसण्याची जी इंधनाची ताकद, जिला ऑक्टेन म्हणतात, ती ह्याची पेट्रोलहून अधिक. धुरातून बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साइडही दर किलोमीटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के कमी.

मग खोट कुठे? खोट लिटरमध्ये आहे. एक लिटर गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलइतकी शक्ती नसते. साधारण पाऊण हिस्सा, फार तर चार पंचमांश असते. जी गाडी पेट्रोलवर लिटरला पंधरा किलोमीटर जाते ती गॅसवर बारा जाईल. जुन्या पद्धतीच्या साधनात चढावर किंचित दमही कमी पडतो. आणि टाकी जेथे बसते तेथे पूर्वी आपले सामान बसत असे. गावाला जाताना पिंप, पोती, पापडांचे डबे आणि सासूबाईंची वळकटी ठेवायची कुठे, हा प्रश्न गृहस्वामिनी विचारील आणि तो रास्त आहे.

देशोदेशीचे गॅसवाले

गॅसची मोटार हा काही फाटक्या खिशाचा उद्योग नव्हे. टोकियोच्या टॅक्सी कित्येक दशके ह्याच गॅसवर धावत आल्या आहेत. टोयोटा कंपनीने २०१७ साली टॅक्सीसाठीच म्हणून जी खास गाडी काढली, तिच्यातही विजेच्या मोटरीच्या जोडीला गॅसचेच इंजिन आहे. हाँगकाँगच्या टॅक्सी पूर्वी डिझेलचा काळा धूर सोडीत. सन २००० पासून तेथील सरकारने टॅक्सीमालकांना अनुदान दिले आणि तीन-चार वर्षांत जवळजवळ सगळा ताफा गॅसवर आणला. तुर्कस्तानात तर गॅसच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींच्याही पुढे गेली. दक्षिण कोरियात गॅसची मोटार टॅक्सीवाले, अपंग नागरिक अशा ठराविक मंडळींनाच घेता येई. हवेतील प्रदूषण फार वाढले तेव्हा मार्च २०१९ मध्ये सरकारने ती सर्वांना खुली केली.

अपघात कुठेच झाले नाहीत असे नाही. जानेवारी १९९९ मध्ये फ्रान्समधील व्हेनिस्यू ह्या गावी समाजकंटकांनी एक गॅसची मोटार पेटवून दिली. तिच्या टाकीला वाढता दाब सोडून देणारी सुरक्षा-झडप नव्हती. अग्निशामक दलाचे जवान आग विझवायला गेले आणि टाकी फुटली. अनेक जवान भयंकर जखमी झाले. त्यानंतर फ्रान्सने ही झडप सक्तीची केली. ध्यानात घ्या, त्यांनी गॅस बंद केला नाही, झडप सक्तीची केली. प्रेशर कुकरचे शिटीशेजारचे ते चिमुकले बटण कशासाठी असते हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला ह्या निर्णयातले शहाणपण लगेच उमजेल.

आपल्याकडचा संसार

आपल्याकडे पुष्कळ वर्षे मोटारीत गॅस वापरणे कायद्याला मान्यच नव्हते. तरी व्हॅनच्या मागच्या बाकाखाली बाटला दडवून चालवणारे चालवीत होतेच. अखेर सन २००० मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००१ साली वाहनांतील गॅसच्या वापराविषयी स्वतंत्र आदेश निघाला. मोटारीच्या गॅसचे पंप उभे राहिले. मारुतीची ओम्नी आणि २००६ मध्ये वॅगन-आरची 'ड्युओ' अशा गाड्या कारखान्यातूनच गॅसची टाकी घेऊन बाहेर पडू लागल्या. बंगळूर आणि कोलकाता येथील रिक्षांनी तर हा गॅस आपलासा केला. कोलकात्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००९ पासून धूर ओकणाऱ्या जुन्या रिक्षा जाऊन गॅसच्या नव्या रिक्षा आल्या.

मुंबई-पुण्याकडे मात्र सीएनजीचे पारडे जड झाले. नळाने येणारा तो वायू स्वस्त पडला, त्याचे पंप वाढले, कारखानदारांनीही त्याच्या गाड्या काढल्या. एलपीजीचे पंप त्या मानाने मागे पडले. त्यात आणखी एक गोष्ट अशी की देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक आपल्याला परदेशातून, मुख्यतः आखाती देशांतून, आणावा लागत आला आहे. आखातात वादळ उठले की आपल्या शेगडीची ज्योत थरथरते, ती ह्यामुळे. असा महागामोलाचा गॅस आधी चुलीला की आधी चाकाला, हा प्रश्न देशापुढेही आहे.

म्हणून ज्याला आपली पेट्रोलची मोटार एलपीजीवर न्यायची आहे त्याने पहिली चौकशी ही करावी, की घरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेवर ह्या गॅसचा पंप आहे का? गॅस भरायला आठ किलोमीटर जावे आणि आठ यावे, तर त्यात वाचवलेले पैसे वाटेतच सांडले.

कागद-पेन्सिल घ्या

आता हिशोब. येथे आम्ही सोयीचे आकडे घेतो; वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालावेत. समजा, पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि मोटारीचा गॅस लिटरला ६५ रुपये. पेट्रोलवर गाडी १५ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६ रुपये ६७ पैसे. गॅसवर १२ किलोमीटर जाते, म्हणजे ५ रुपये ४२ पैसे. बचत झाली सव्वा रुपया. वरवर पाहणारा म्हणतो, शंभराचे पासष्ट झाले, पस्तीस टक्के वाचले. नाही हो! वाचले एकोणीस टक्क्यांच्या आसपास. सूत्र असे, की गॅसचा भाव पेट्रोलच्या भावाच्या चार पंचमांशापेक्षा जितका खाली, तितकाच खरा फायदा.

समजा, टाकी आणि साधने बसवायला ३०,००० रुपये लागले. सव्वा रुपयाने ते फिटायला २४,००० किलोमीटर जावे लागेल. जो टॅक्सीवाला महिन्याला ३,००० किलोमीटर हिंडतो त्याचे पैसे आठ महिन्यांत वसूल. पण आपले रावसाहेब महिन्याला ५०० किलोमीटर चालवतात, कचेरी, मंडई आणि महिन्यातून एकदा मेव्हण्याकडे जेवायला. त्यांना लागतील चार वर्षे. तोवर गाडीच विकायला निघायची! तात्पर्य, गॅस हा जास्त हिंडणाऱ्याचा मित्र आहे. घरी झाकून ठेवलेल्या मोटारीला त्याचा काही उपयोग नाही.

लाल बाटला आणि व्हॅनकाका

येथवरचा मजकूर मोटारवाल्यांसाठी होता. आता जे लिहायचे आहे ते ज्यांच्या दारात मोटार नाही त्यांच्यासाठीही आहे, किंबहुना त्यांच्यासाठीच अधिक.

घरगुती बाटल्यात १४.२ किलो गॅस असतो. द्रवरूपात तो साधारण २६ लिटर भरतो. म्हणजे एका बाटल्यात एखादी व्हॅन तीनशे किलोमीटर जाईल. घरगुती गॅसवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, मोटारीच्या गॅसवर १८ टक्के. शिवाय चुलीच्या गॅसचा भाव सरकार सांभाळून ठेवते, कारण तो गरिबाच्या चुलीसाठी आहे. वजनावर वजन ठेवून पाहिले तर चुलीचा गॅस मोटारीच्या गॅसपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मोह येथे जन्माला येतो. एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये बाटला उलटा टांगतात, नळी आणि पंप लावतात आणि गॅस व्हॅनच्या टाकीत उतरवतात. ज्याची टाकीही बसवायची तयारी नाही तो बाटलाच बाकाखाली जोडून मोकळा होतो.

ह्यात चोरी तर आहेच. पण जिवावरचा धोका आहे तो असा. मोटारीच्या गॅसच्या टाकीच्या तोंडाशी झडपांचा एक संच असतो. टाकी ८० टक्के भरली की आत येणारा गॅस तो आपोआप थांबवतो. नळी तुटून गॅस भसकन सुटू लागला तर वाट बंद करतो. इंजिन थांबले की गॅस अडवतो. दाब बेसुमार वाढला तर थोडा गॅस बाहेर सोडून टाकी फुटू देत नाही. उरलेली वीस टक्के जागा मोकळी का ठेवायची? कारण उन्हात तापला की हा द्रव पाण्यापेक्षा कितीतरी अधिक फुगतो, आणि त्याला फुगायला जागा लागते. काठोकाठ भरलेल्या टाकीत ती जागा राहत नाही.

घरच्या बाटल्याला ह्यातले फारच थोडे असते. तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा राहण्यासाठी बनवला आहे, खड्ड्याखड्ड्यांतून हिंदकळण्यासाठी नव्हे. त्यावरचा रेग्युलेटर शेगडीला लागणारा बेताचा दाब देतो. मोटारीसाठी तो काढून भलतीच नळी लावतात. आणि गॅस उतरवताना जो गळतो तो मघाशी सांगितल्याप्रमाणे जड. तो व्हॅनच्या तळाशी, शेडच्या जमिनीवर साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. ती ठिणगी पंपाच्या मोटरीतून येते, बटणातून येते, गाडीच्या स्टार्टरमधून येते.

हे कल्पनेचे खेळ नव्हेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात एका व्हॅनमध्ये घरगुती बाटल्यातून असाच गॅस भरला जात असता भडका उडाला. त्यात प्रवासी कुटुंबातली माणसे होरपळली आणि त्यांतील काही पुढे उपचार चालू असताना दगावली. ती माणसे काही गॅसचा काळाबाजार करायला निघाली नव्हती. ती प्रवासाला निघाली होती, एवढेच.

आता एक संवाद ऐका. तो कोणत्याही शहरातल्या कोणत्याही फाटकापाशी जून महिन्यात ऐकू येतो.

"काका, ह्या वर्षी महिन्याला दोनशे रुपये वाढवले तुम्ही?"

"वहिनी, पेट्रोल कुठं गेलंय बघा ना."

"ते काही नाही. पलीकडच्या सोसायटीतले काका जुन्याच भावात नेतात. आम्ही मुलाला त्यांच्याकडे घालू."

काका क्षणभर गप्प राहतात. मग म्हणतात, "बरं, राहू द्या वहिनी. करतो काहीतरी."

ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे आपण विचारीत नाही. दोनशे रुपये वाचवल्याच्या समाधानात आपण वर येतो. काका वाईट नसतात. मुलांचे दप्तर उचलतात, रडणाऱ्याला समजावतात, पावसात छत्री धरून दारापर्यंत सोडतात. त्यांच्याही घरी मुले आहेत, गाडीचा हप्ता आहे. आपण भाव पाडतो, पेट्रोल भाव चढवते, आणि मधल्या फटीत एक लाल बाटला येऊन बसतो. त्याच्यावरच्या बाकावर आपली मुले पाढे म्हणत शाळेला जातात. दोष एकट्या काकांचा आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता यायचे नाहीत.

विचारावे आणि पाहावे

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी आई-वडिलांनी पाच मिनिटे काढावीत. काकांना चहाला बोलवावे, पोलिसी थाटात नव्हे, घरच्या माणसासारखे बोलावे आणि चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, गाडी कशावर चालते? नोंदणीच्या पुस्तकात इंधन लिहिलेले असते. गाडी गॅसवर चालत असेल तर तेथे गॅसची नोंद हवी. दुसरी, गॅस कुठे भरता? उत्तर अधिकृत पंपाचे हवे. तिसरी, साधने मान्यताप्राप्त आहेत का आणि टाकीची तपासणी कधी झाली? मोटारींच्या चाचण्या करणारी संस्था पुण्याच्या टेकडीवर आहे आणि स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षिततेचे देशाचे मुख्य कार्यालय नागपुरात. दोन्ही आपल्याच मुलखात असताना आपल्याच मुलांची व्हॅन बिनतपासणीची फिरावी, हे बरे दिसत नाही. चौथी, विमा कंपनीला गॅसची कल्पना दिली आहे का? नसेल तर अघटित घडल्यावर भरपाईचा वाद उभा राहतो. आणि शेवटी बाक उचलून पाहावा. खाली लाल रंगाचा घरगुती बाटला दिसला तर त्या व्हॅनमध्ये मूल त्या दिवसापासून बसवू नये. घरगुती गॅस असा वापरणे जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे, हेही काकांना शांतपणे सांगावे.

मात्र एवढे सगळे विचारायचे तर आणखी एक गोष्ट करावी लागेल. काका म्हणतील, "पंपावरचा गॅस भरतो, पेट्रोल भरतो, पण मग भाडे वाढेल." तेव्हा घासाघीस करू नये. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून योग्य भाडे ठरवावे आणि द्यावे. एखादा नाटकाचा प्रयोग कमी पाहिला, एखादे हॉटेलातले जेवण टाळले, तर तेवढे सुटते.

मोटारवाल्यांनाही दोन शब्द. गॅसचा वास आला तर गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, सगळ्यांना उतरवून वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर न्यावे. दिवे, पंखे, कुलपाची विजेरी किल्ली, कशालाही हात लावू नये. गळती असलेली गॅसची गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये मुळीच नेऊ नये. तेथे जड गॅसला बाहेर जायला वाट नसते. घरी असो वा गाडीत, एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवावा. आणि ह्या चार दिवसांत फाटकाशी उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीजवळ, मग ती गॅसची असो की पेट्रोलची, भुईनळे आणि फटाके लावू देऊ नयेत. मुले ऐकत नाहीत खरी. पण एखाद्या मोठ्याने गच्चीवर किंवा मैदानात बरोबर जाऊन उभे राहिले की ऐकतात.

गॅस हा शत्रू नव्हे आणि जादूही नव्हे. योग्य टाकीत, योग्य झडपेमागे, योग्य पंपावरून भरलेला असला तर तो टोकियोत टॅक्सी चालवतो आणि कोलकात्यात रिक्षा. बाकाखाली लपवला तर त्याच्याइतका बेभरवशाचा सोबती नाही. पुढच्या दिवाळी अंकापर्यंत ज्या ज्या वाचक भगिनींनी आपापल्या व्हॅनकाकांचा बाक उचलून पाहिला असेल, त्यांनी काय दिसले ते आम्हाला जरूर कळवावे. सर्वांना दीपावली सुखाची आणि सुरक्षित जावो.